सह्याद्रीतल्या लिव्हरवर्टची नवी नोंद कशी करावी : नवख्यांसाठी मार्गदर्शक

घाटमाथ्यावरच्या फुलझाडांची वाट आता चांगलीच मळलेली आहे. कासच्या सड्यावर, आंबोलीत, भीमाशंकरला पावसाळ्यात येणाऱ्या हौशी निरीक्षकांना कंदीलपुष्पाच्या जाती तोंडपाठ असतात. त्याच कातळाला आणि त्याच खोडांना चिकटून वाढणाऱ्या लिव्हरवर्टकडे, म्हणजे मॉसच्या नात्यातल्या, फुलं न येणाऱ्या छोट्या वनस्पतींकडे, मात्र फार थोडे लोक वाकून बघतात. मराठी परिभाषेत यांना यकृतका म्हणतात. बोलताना आपण सगळ्या हिरव्या लपेटीला सरसकट 'शेवाळ' म्हणतो आणि पुढे चालू लागतो.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत लिव्हरवर्टच्या ७,२७१ जाती आहेत. भारतातला आकडा नऊशेच्या आसपास जातो. यातलं बरंचसं काम हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी, पळणी, केरळच्या डोंगरांत झालं. त्या मानाने तापीपासून गोव्यापर्यंतचा सह्याद्री मागे राहिला. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही इथे खरोखरची नवी नोंद करता येईल, इतकं काम शिल्लक आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पक्की धरा. डोंगरात तुम्हाला फक्त नमुना मिळतो. नोंद होते ती सूक्ष्मदर्शकाखाली, ग्रंथालयात आणि वनस्पतिसंग्रहालयात (हर्बेरियममध्ये). या लेखाचा मोठा भाग म्हणूनच टेबलावरच्या कामाबद्दल आहे.

'नवी' म्हणजे कुणासाठी नवी?

नव्या नोंदीचे थर असतात. जिल्ह्यासाठी नवी, महाराष्ट्रासाठी नवी, पश्चिम घाटासाठी नवी, भारतासाठी नवी, आणि सगळ्यात शेवटी विज्ञानाला नवी. नवख्या माणसाने शेवटच्या थरावर डोळा ठेवून सुरुवात करू नये. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या नोंदी हेच खरं पायाभूत काम आहे. ते नीट झालं तर वरचे थर आपोआप समोर येतात.

सुरुवातीला लहान प्रदेश निवडा. एक घाटरस्ता, एक किल्ला, एक देवराई, फार तर एक तालुका. तिथे वर्षाच्या वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा जाता आलं पाहिजे. मग त्या प्रदेशातून, राज्यातून आणि शेजारच्या कर्नाटक-गोव्यातून आतापर्यंत काय काय नोंदलं गेलंय, याची वही तयार करा. जातीचं आजचं मान्य नाव, जुनी नावं, कुठून नोंद, कोणत्या संग्रहालयात नमुना, असे रकाने ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण ही वही नसेल तर आपल्या हातात काय आहे हे कळायला मार्ग नाही.

आधी नेहमीच्या जाती ओळखा

पहिला हंगाम नवं शोधण्यात घालवू नका. नेहमी दिसणाऱ्या वीसेक जाती नुसत्या भिंगाने ओळखता येईपर्यंत त्यांच्यातच राहा. नेहमीचं ओळखीचं झालं की वेगळं आपोआप डोळ्यात भरतं.

मॉस आणि लिव्हरवर्ट यांत घोळ होतो तो पानं असलेल्या लिव्हरवर्टमध्ये. मॉसची पानं बहुधा खोडाभोवती फिरत येतात आणि पुष्कळांत मधली शीर असते. लिव्हरवर्टची पानं दोन बाजूंना दोन रांगांत असतात, त्यांना मधली शीर नसते, आणि खालच्या अंगाला बहुतेक वेळा लहान पानांची तिसरी रांग असते. बीजाणूंची कुपी आली असेल तर प्रश्नच मिटला. मॉसचा देठ चिवट असतो, आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि कुपीला झाकण असतं. लिव्हरवर्टचा देठ पाणीदार, पांढुरका असतो आणि लवकर कोमेजतो. त्यावरची काळसर कुपी बहुधा चार पाकळ्यांत उकलते.

चपट्या, पान नसलेल्या लिव्हरवर्टच्या बाबतीत दोन तोतये हमखास भेटतात. पहिला म्हणजे नेच्याचं बाल्यरूप. हृदयाच्या आकाराचा, नखाएवढा, पातळ हिरवा तुकडा. ओलसर दरडीवर हे शेकड्यांनी असतात. जवळपास बघा, एखाद्याच्या खाचेतून नेच्याचं इवलं पान वर आलेलं दिसेल. दुसरा म्हणजे अँथोसेरॉस आणि त्याचे नातेवाईक, म्हणजे हॉर्नवर्ट. त्यांची बीजाणूंची कुपी शिंगासारखी उभी वाढते. नोटोथायलसमध्ये ती आडवी, पसरलेल्या शरीराला चिकटून असते. कुपी नसेल तर एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. हॉर्नवर्टच्या पेशीत सहसा एकच मोठा हरितलवक असतो, लिव्हरवर्टच्या पेशीत अनेक छोटे.

सह्याद्रीत सुरुवातीला भेटतील त्या प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) अशा. बांधावरच्या आणि सड्यावरच्या मातीत रिक्सिया. दरडीवर टार्जिओनिया, प्लॅजिओकास्मा, ॲस्टरेला. ओढ्याच्या सावलीतल्या दगडांवर गडद हिरवा, तेलकट दिसणारा ड्युमोर्टिएरा. अंधाऱ्या कपारीत आणि लेण्यांच्या तोंडाशी सायथोडियम, जो तिरप्या उजेडात पिवळसर हिरवा चमकतो. खोडांवर फ्रुलानिया आणि लेज्युनियाच्या कुळातले अनेक.

टार्जिओनिया हायपोफायला एकदा भिंगाखाली सावकाश बघा, म्हणजे या वनस्पतींकडे कसं पाहायचं ते कळेल. वरची बाजू हिरवी, चिवट, आणि तिच्यावर पांढरट ठिपके. हे ठिपके म्हणजे हवा आत-बाहेर जायची छिद्रं. कडा जांभळट काळ्या. आता तो तुकडा उलटा करा. खाली जांभळ्या खवल्यांच्या दोन रांगा, आणि टोकाशी, खालच्या अंगाला, मिटलेल्या शिंपलीसारखे काळे चकचकीत दोन झडप. त्यांच्या आत कुपी असते. कोरड पडली की अख्खा तुकडा कडांनी आत वळतो आणि काळ्या दोरीसारखा दिसतो. पाण्याचा थेंब पडताच पुन्हा उलगडतो. यातल्या बऱ्याच खुणा खालच्या बाजूला आहेत. त्यामुळे प्रत्येक लिव्हरवर्ट उलटा करून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

परवानग्या

राखीव जंगलात नमुने घ्यायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल, उदाहरणार्थ कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, तर अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात करावा लागतो आणि वेळ जातो. पावसाळ्याचं काम असेल तर अर्ज उन्हाळ्यापूर्वीच टाका. देवराईत गावकऱ्यांना आणि पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय पानही तोडू नये. लेण्या आणि किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असतील तर तिथल्या भिंती खरवडणं गुन्हा आहे. तिथे फोटो घ्या आणि तीच जाती बाहेरच्या दरडीवर शोधा.

२००२ चा जैविक विविधता कायदाही वाचून ठेवा. परदेशी तज्ज्ञाला नमुना पाठवायचा विचार असेल तर आधी त्या कायद्याची वाट कशी जाते ते संस्थेमार्फत विचारून घ्या. टपालाने परस्पर पाकीट पाठवणं टाळा.

बरोबर काय घ्यावं

भिंग दोन: दहापट आणि वीसपट. गळ्यात दोरीने अडकवा, नाहीतर पहिल्याच ओढ्यात जाईल. बोथट टोकाचा चाकू, चिमटा, पाण्याची छोटी फवारणी बाटली, पेन्सिल, पावसात टिकणारी वही, आणि वर्तमानपत्राच्या भरपूर पुड्या. शाईचं पेन नको, सह्याद्रीच्या पावसात अक्षर राहत नाही. मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश आणि उंची घेता येते, पण दरीत उंची बरीच चुकते, म्हणून नकाशाशी ताडून बघा.

जनुकीय अभ्यासाची शक्यता ठेवायची असेल तर सिलिका जेलच्या छोट्या पुड्या घ्या आणि प्रत्येक नमुन्याचा स्वच्छ केलेला एखादा तुकडा त्यात वाळवा. नंतर हे करता येत नाही असं नाही, पण ताजं वाळवलेलं जास्त भरवशाचं.

पायात घट्ट बूट आणि जळवांसाठी लांब मोजे. आंबोलीत याची गरज लगेच कळते. सड्यावर दगड उचलताना फुरसं आणि झुडपात हात घालताना चापडा, या दोघांची जाणीव ठेवा. आधी काठीने हलवा, मग हात घाला.

केव्हा आणि कुठे

जूनमध्ये उगवतात, जुलैत पसरतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे कुप्या धरतात, असा जमिनीवरच्या बऱ्याच लिव्हरवर्टचा साधारण क्रम. फक्त जुलैत जाणारा माणूस हिरवंगार खूप बघतो आणि नाव फार थोड्यांना देऊ शकतो, कारण कुपी आणि बीजाणू नसतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा काळ. पाऊस ओसरलेला असतो, शरीर पिवळं पडायला लागलेलं असतं आणि बीजाणू पिकलेले असतात. खोडांवरच्या जाती हिवाळ्यातही मिळतात, नुसत्या आक्रसलेल्या असतात.

जागांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक सगळा वेळ घनदाट जंगलात घालवतात.

घाटरस्त्याच्या कडेची उभी कापलेली दरड ही पहिली जागा. जांभ्याची असो वा मुरमाची, तिथे उघडी माती, झिरपणारं पाणी आणि बाजूचा उजेड तिन्ही असतात. एकाच दरडीवर वरच्या कोरड्या भागात एक जाती, मध्ये दुसरी, खाली गटाराजवळ तिसरी असते. वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्याने बघा. ओलसर गोळा दिसणाऱ्या मातीत फॉसोम्ब्रोनिया लपलेला असतो. कोबीच्या छोट्या पानांसारखा चुरगळलेला हिरवा गोळा आणि खाली जांभळी मुळकं, असं दिसलं की तोच.

दुसरी जागा म्हणजे सडा. पावसात पाणी साठणाऱ्या उथळ खळग्यांच्या कडेला, मूठभर मातीत रिक्सियाच्या जाती असतात. हे थर एका पावलाने उखडतात. चालताना उघड्या कातळावरूनच चाला.

भातखाचरांचे बांध आणि काढणीनंतरची ओली खाचरं कुणी बघत नाही. तिथेही रिक्सिया. पाण्यावर तरंगणारी रिक्सिया फ्लुइटन्स तळ्यांत, खाणींच्या डबक्यांत शोधा.

आता झाडं. महाबळेश्वरच्या पट्ट्यात अंजन, जांभूळ, पिसा यांच्या खोडांवर बुंध्यापासून छातीएवढ्या उंचीपर्यंत वेगवेगळ्या जाती थरांनी दिसतात. वरच्या फांद्यांवर पूर्णपणे वेगळी मंडळी राहते आणि तिथे आपला हात पोचत नाही. वादळानंतर पडलेल्या फांद्या तपासा. शेंड्याकडच्या बारीक काटक्या आवर्जून बघा, लेज्युनियाच्या कुळातले बारीक नमुने तिथेच असतात. आणि दमट दऱ्यांत, सदाहरित झुडपांच्या जुन्या चिवट पानांवर कोलोलेज्युनिया व लेप्टोलेज्युनिया वाढतात. ते एक-दोन मिलिमीटर रुंद असतात आणि नुसत्या डोळ्यांना पानावरचा हिरवट डाग वाटतात. नव्या नोंदींची सर्वांत मोठी शक्यता मला या पानांवर आणि काटक्यांवर वाटते.

नमुना घेताना

एका पुडीत एकच आधार: एकाच खोडाचा, एकाच दगडाचा तुकडा. दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा पुरतो. आजूबाजूला तीच वाढ भरपूर नसेल तर त्याहून कमी घ्या, आणि अगदी मोजकीच असेल तर फोटो व एखादी फांदी एवढ्यावर थांबा. माती चिकटलेली असेल तर ती थोडी राहू द्या, रिक्सियाच्या मुळाशी ती लागते. खोडावरच्या नमुन्यासोबत सालीची पातळ चकती आली तर उत्तम.

पुडीवर तिथल्या तिथे, पेन्सिलीने, इतकं लिहा: तुमचा संग्रह क्रमांक, तारीख, गाव-तालुका-जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, आधार, उजेड आणि ओल. 'झाडावर' असं लिहू नका. 'अंजनाच्या खोडाच्या उत्तर बाजूस, जमिनीपासून दीड मीटरवर' असं लिहा. ताजा रंग आणि वासही टिपा, काही जातींना चुरडल्यावर ठळक वास येतो आणि वाळल्यावर तो जातो. संग्रह क्रमांक आयुष्यभर एकच मालिका असावी. दर वर्षी एकपासून सुरू केलात तर दहा वर्षांनी तुमच्याच नमुन्यांचा पत्ता तुम्हाला लागणार नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत नमुने घट्ट बांधून ठेवू नका. एका रात्रीत बुरशी धरते.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकवला जातो. बहुतेक लिव्हरवर्टच्या पेशींमध्ये तैलपिंड असतात. पडद्याने वेढलेले, तेलकट द्रव्य साठवणारे हे पिंड दुसऱ्या कुठल्याही वनस्पतिगटात या स्वरूपात आढळत नाहीत. एका पेशीत किती, केवढे, गोल की लांबट, एकजिनसी की दाणेदार, बिनरंगी की तपकिरी, यावर जातीच नव्हे तर प्रजातीही वेगळ्या होतात. आणि वाळताना ते बहुतेक जातींत नाहीसे होतात. म्हणून नमुना ओला असताना, शक्यतो त्याच संध्याकाळी, एक पान साध्या पाण्यात काचपट्टीवर ठेवून पानाच्या मध्यभागच्या पेशी ४००पट मोठ्या करून बघा आणि फोटो घ्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी. त्यासाठी तुमच्या सूक्ष्मदर्शकाचं मापन स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचपट्टीने) आधी पक्कं करून ठेवा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो मिळतो.

बाकीचा नमुना सावलीत, हवेशीर जागी वाळवा. चपट्या जाती वर्तमानपत्रात हलक्या दाबाने ठेवा. पानं असलेल्यांना दाबायचं नाही. इस्त्री, हीटर, ऊन यांपैकी काही नको. वाळल्यावर जाड, आम्लविरहित कागदाच्या घडीच्या पाकिटात घाला आणि पुडीवरचा सगळा मजकूर पाकिटावर उतरवा. मूळ पुडीचा तुकडा आत तसाच ठेवा.

वाळलेला नमुना पुन्हा बघायचा झाला तर काही तुकडे गरम पाण्यात टाका. थोड्याच वेळात ते ताज्यासारखे फुलतात.

सूक्ष्मदर्शकाखाली

पानं असलेल्या लिव्हरवर्टमध्ये पुढच्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने लिहीत जा.

पानं एकमेकांवर कशी चढतात? शेंडा वर धरून पाठीकडून बघा. पानाची शेंड्याकडची कड वरच्या पानावर येत असेल तर एक गट, वरच्या पानाखाली लपत असेल तर दुसरा. फ्रुलानिया, पोरेला, रॅड्युला, लेज्युनिया पहिल्यात, प्लॅजिओकायला दुसऱ्यात. मग पानाला खालच्या अंगाला दुमडलेला छोटा भाग आहे का ते बघा. फ्रुलानियात तो टोपीसारखा फुगीर आणि मुख्य पानापासून जवळपास सुटा असतो. पोरेलात जिभेसारखा सपाट. लेज्युनियाच्या कुळात पिशवीसारखा. रॅड्युलात मुळकं नेमकी या दुमडीतूनच निघतात आणि खालची पानं नसतात. खालची पानं अखंड आहेत की मधे चिरलेली, हेही टिपा. इतकं झालं की प्रजातीपर्यंत तुम्ही पोचलेले असता.

चपट्या जातींना आडवा छेद हवा. गाजराच्या किंवा भेंडाच्या चिरेत तुकडा धरून नव्या ब्लेडने पातळ काप घ्या. हवेच्या पोकळ्या किती थरांत आहेत, छिद्रांच्या कडेच्या पेशी कशा आहेत, खालच्या खवल्यांना शेपूट आहे का, हे त्यात दिसतं. छेदात पोकळ्या अजिबात दिसल्या नाहीत तर रिकार्डिया किंवा पॅलाविसिनियाच्या बाजूने विचार करा. कडेला केस आणि मधे ठळक शीर असेल तर मेट्झगेरिया.

रिक्सियाबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण महाराष्ट्रात नवख्याच्या हाती ती सगळ्यात जास्त लागते आणि तिचीच नावं सगळ्यात जास्त चुकतात. रिक्सियाला देठही नाही आणि बाहेर आलेली कुपीही नाही. कुपी शरीरातच रुतलेली असते, वरून काळा ठिपका दिसतो. हिरव्या चकत्यांवरून जात ठरवणं जवळपास अशक्य, कारण ओल आणि उजेडाप्रमाणे रुंदी, रंग, खोबण सगळं बदलतं. निर्णय बीजाणूवर होतो. पिकलेली कुपी सुईने काचपट्टीवरच्या पाण्यात फोडा. बीजाणू गर्द तपकिरी असले पाहिजेत. फिकट असतील तर ते कच्चे आहेत आणि त्यांच्यावरून काहीही ठरवू नका. लॅक्टिक आम्लाच्या थेंबात किंचित ऊब दिली की ते थोडे पारदर्शक होतात. मग बाहेरच्या, फुगीर बाजूवर लक्ष केंद्रित करा. तिथे जाळी दिसेल. व्यासाच्या एका सरळ रेषेत जाळीची किती घरं येतात ते मोजा. घरांच्या कोपऱ्यांवर उंचवटे आहेत का, कडेला पंख आहे का, आतल्या बाजूची तीन फाट्यांची रेषा ठळक आहे का, हे लिहा. किमान वीस बीजाणूंचा व्यास मोजा आणि सरासरीऐवजी लहानात लहान ते मोठ्यात मोठा असा पल्ला द्या. नोंद भारतासाठी नवी असण्याची शक्यता दिसली तर विद्यापीठातल्या स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर बीजाणूंचे फोटो काढून घ्या. रिक्सियाच्या लेखात ते आता अपेक्षितच असतात.

नाव शोधणं

भारतीय लिव्हरवर्टच्या अभ्यासाचा पाया शिव राम कश्यप यांनी घातला. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकवताना त्यांनी पश्चिम हिमालय पालथा घातला, एचिसोनिएला, स्टीफनसोनिएला आणि सेवर्डिएला या प्रजाती वेगळ्या करून दाखवल्या, आणि पश्चिम हिमालय व पंजाबच्या लिव्हरवर्टवरचे त्यांचे दोन भाग १९२९ आणि १९३२ मध्ये आले. पुढे लखनौला एस. के. पांडे आणि राम उदर यांनी ही परंपरा वाढवली. जुन्या नोंदी वाचायच्या तर यांच्या लेखनापर्यंत जावंच लागतं, आणि त्यातलं बरंच आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या डिजिटल संग्रहांत किंवा संस्थांच्या ग्रंथालयांत मिळतं.

कळसूचीने, म्हणजे 'हे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' अशा किल्लीने चालत जाताना शेवटचं नाव आलं की थांबू नका. त्या जातीचं पूर्ण वर्णन काढा आणि ओळ-ओळ आपल्या नमुन्याशी लावा. किल्ली युरोपची किंवा जपानची असेल तर ती तुम्हाला कुठल्या तरी चुकीच्या नावाला पोचवेलच, कारण तिच्यात आपल्याकडची जाती मुळातच नाही.

शंकेचा नमुना असेल तर तज्ज्ञाला पाठवा. पाकीट, तुमची निरीक्षणं, तैलपिंडांचे फोटो आणि तुमचा स्वतःचा अंदाज एवढं सोबत द्या. 'हे काय आहे?' एवढंच विचारणाऱ्या पत्राला उत्तर यायला उशीर लागतो. तयारीने विचारणाऱ्याला या क्षेत्रातली माणसं मनापासून वेळ देतात.

खरंच नवी आहे का?

नाव मिळालं, ते तुमच्या वहीत नाही. आता घाई करायची नाही.

आधी समानार्थी नावं तपासा. फ्रांझ स्टेफानी या जर्मन अभ्यासकाने १८९८ पासून सहा खंडांत जगभरच्या लिव्हरवर्टची वर्णनं छापली आणि हजारो नावं दिली. त्यातली पुष्कळ पुढे एकमेकांत विलीन झाली. तुमची 'नवी' जाती दुसऱ्या नावाने महाराष्ट्रातून आधीच नोंदलेली असण्याची शक्यता यामुळे नेहमी असते. २०१६ ची जागतिक यादी आणि ट्रॉपिकॉससारखा नावांचा कोश उघडा ठेवून प्रत्येक जुनं नाव शोधा.

मग संग्रहालयात जा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. ब्रायोफायटांचे (मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट यांचे) मोठे संग्रह हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियममध्ये आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आहेत. पाकिटं उघडून बघा. नुसत्या प्रजातीच्या नावाने ठेवलेल्या, जातीपर्यंत न पोचलेल्या जुन्या पाकिटांत तुमची जाती पडून असू शकते. तसं निघालं तर नोंदीचा पहिला मान त्या जुन्या संग्राहकाचा, आणि लेखात तो नमुना क्रमांकासह द्यायचा.

प्रसार पटतो का, याचाही विचार करा. हिमालयात आणि श्रीलंकेत असलेली जाती सह्याद्रीत मिळणं पटण्यासारखं आहे, असे दुवे अनेक वनस्पतींत आहेत. समशीतोष्ण युरोपातली जाती हॉटेलच्या बागेतल्या कुंडीत मिळाली तर ती नर्सरीच्या मातीतून आलेली असण्याची शक्यता जास्त. मार्केन्शिया पॉलिमॉर्फा आणि नवी रोपं देणाऱ्या कळ्यांचे चंद्रकोरीसारखे कप्पे असलेली ल्युन्युलेरिया क्रुशिएटा जगभर अशाच पसरल्या आहेत. अशी नोंदही छापण्याजोगी असते, पण 'बाहेरून आलेली' असं स्पष्ट लिहून.

निरीक्षकांच्या संकेतस्थळांवरचे फोटो शोधाची दिशा देतात. त्यांच्यावर नोंद मात्र उभी राहत नाही. फोटोतून बीजाणू मोजता येत नाहीत.

नमुना जमा करणं आणि छापणं

नमुना संग्रहालयात जमा करून त्याचा प्रवेश क्रमांक हातात आल्याशिवाय लेख पाठवू नका. एक संच पुण्याला आणि दुसरा हावड्याला किंवा लखनौला दिला तर एका ठिकाणी काही झालं तरी पुरावा उरतो. लेखात जातीचं आजचं नाव, मूळ वर्णनाचा संदर्भ, तुमच्या नमुन्यावरून लिहिलेलं वर्णन, छायाचित्रं किंवा रेखाटनं, अधिवास, सोबत वाढणाऱ्या जाती, जगातला प्रसार आणि जवळच्या जातींपासूनचे फरक असावेत. वर्णन दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलून लिहू नये. वाचणाऱ्याला तुमच्या नमुन्याचीच मापं हवी असतात. दुर्मीळ जाती सड्यावरच्या एखाद्याच खळग्यात असेल तर नेमके अक्षांश-रेखांश छापू नका. ते संग्रहालयाच्या पाकिटावर असू द्या.

जाती विज्ञानालाच नवी निघाली तर नियम वाढतात. प्रतिमान नमुना (टाइप, म्हणजे ज्यावर नव्या जातीचं नाव आधारलेलं असतं तो) कोणत्या संग्रहालयात आहे हे लेखात लिहिणं बंधनकारक आहे. १ जानेवारी २०१२ पासून नव्या जातीचं निदान, म्हणजे तिचं वेगळेपण सांगणारं छोटं वर्णन, लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत चालतं, आणि नियमात बसणाऱ्या ऑनलाइन नियतकालिकातलं प्रकाशनही वैध धरलं जातं. शिवाय जैविक विविधता कायद्याच्या ३९व्या कलमानुसार नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून नमुना तिथे ठेवावा लागतो. असा लेख एकट्याने लिहू नये. त्या कुळावर काम केलेला जाणकार सहलेखक असावा.

लेख छापून आल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी जाऊन वाढ तशीच आहे का, किती पसरली आहे, दरड कापली गेली आहे का, हे टिपा आणि ती नोंद संग्रहालयाला कळवा. छापील लेखाची एक प्रत परवानगी देणाऱ्या वन कार्यालयाला आणि देवराई असेल तर त्या गावाला द्या. पुढच्या हंगामाच्या अर्जालाही तीच जोडता येते.